हार्डनेस पास, तरी ब्लिस्टरला टोपी सुटते: गोळीचा आवाज ऐकून नेमकं काय कळतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज असला तर लगेच लक्षात येईल. पॅरासिटामॉल ५०० ची गोळी. सपाट, कडा तासलेली, १२ मिमी व्यास, साडेचार मिमी जाडी, ६०० मिलिग्रॅम वजन. दर अर्ध्या तासाला १० गोळ्यांचा हार्डनेस, म्हणजे गोळी मोडायला लागणारा जोर, काढता, सरासरी १२० न्यूटन येते, सगळं मर्यादेत. फ्रायेबिलिटी, म्हणजे ड्रममध्ये फिरवल्यावर होणारी झीज, अर्ध्या टक्क्याच्या आत. आणि तरीही दोन दिवसांनी गोळ्या पाकिटात भरणाऱ्या ब्लिस्टर मशीनच्या हॉपरमध्ये टोप्या सुटलेल्या, म्हणजे वरचा थर चकतीसारखा निघालेल्या गोळ्या सापडतात. तुमच्या साहेबांनी एका विक्रेत्याचं अल्ट्रासाउंडचं यंत्र पाहिलंय, ‘गोळी न फोडता हार्डनेस’ असं तो सांगतो. ते घ्यावं का, आणि घेतलं तर हार्डनेस टेस्टर बंद करता येईल का, असं तुम्ही विचारता.

टेस्टर बंद करू नका. आवाजाची चाचणी तुमच्या दुखण्यावर खरंच उपयोगी पडेल, पण विक्रेता सांगतो त्या कारणासाठी नाही. ध्वनीने हार्डनेस मोजला जात नाही. ध्वनीने गोळीचा ताठपणा कळतो, आणि ती आतून सलग आहे की चिरलेली, हे कळतं. तुमचं दुखणं यातल्या दुसऱ्या गोष्टीत, म्हणजे चिरेत आहे. म्हणून यंत्राच्या आधी दुखण्याबद्दल बोलते.

हार्डनेस टेस्टरचे जबडे गोळीला कडेकडून, व्यासाच्या रेषेत दाबतात. गोळी फुटते ती उभी, मधोमध, दोन अर्धगोल होऊन. काँक्रीटचे दंडगोल आडवे ठेवून फोडतात, तीच ही चाचणी. फेल आणि न्यूटन यांनी १९७० मध्ये ती गोळ्यांसाठी नीट मांडली, आणि आपण जो ताण काढतो तो त्याच सूत्राने: मोडण्याच्या जोराची दुप्पट, भागिले पाय गुणिले व्यास गुणिले जाडी. तुमच्या १२० न्यूटनचे होतात साधारण १.४ मेगापास्कल. गोळीने पुढची आदळआपट सोसायची तर १.७ च्या आसपास असावेत असा उद्योगात ठोकताळा आहे. पण पॅरासिटामॉलला जास्त दाबून तिथे न्यायला जाल तर टोप्या आणखी सुटतील, हे तुम्हाला अनुभवाने माहीत असेलच.

आता टोपी कशी सुटते ते पाहा. ती चीर आडवी असते, वरच्या पृष्ठभागाला समांतर. भाकरीचा पापुद्रा सुटतो तशी. अशी भाकरी कडेने दोन हातांत धरून मधोमध मोडली तर मोडायला लागणारा जोर पापुद्रा सुटलाय की नाही यावर फारसा अवलंबून नसतो. हार्डनेस टेस्टर नेमकं हेच करतो. चीर ज्या दिशेने उघडते त्या दिशेने तो ओढतच नाही. म्हणून पापुद्रा सुटायला आलेली गोळी टेस्टरवर ११५ न्यूटन दाखवू शकते आणि तुम्ही निश्चिंत मनाने बीएमआरवर, म्हणजे बॅचच्या नोंदींवर, सही करता. टेस्टर खोटं बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

दुसरा भाग नमुन्याचा, आणि इथे आकडे मन लावून पाहा. समजा ५०० पैकी एका गोळीला टोपीची चीर आहे. तुमचं मशीन तासाला ८०,००० गोळ्या काढत असेल तर तासाला १६० सदोष गोळ्या झाल्या, आठ तासांच्या शिफ्टमध्ये १,२८०. त्याच शिफ्टमध्ये तुम्ही १६ वेळा १०-१० अशा १६० गोळ्या तपासल्या. त्यातली एक तरी सदोष हाती लागण्याची शक्यता जेमतेम २७ टक्के. म्हणजे चारांतल्या तीन शिफ्ट पूर्ण ‘स्वच्छ’ दिसणार, तीही प्रत्येक सदोष गोळी हाती येताच ओळखता आली तर, आणि तसं होत नाही हे वर सांगितलंच. फ्रायेबिलिटीला तर ६०० मिलिग्रॅमच्या ११ गोळ्या जातात, साडेसहा ग्रॅमच्या जवळपास वजन व्हावं म्हणून. १०० फेऱ्यांनंतर एकही तडकलेली निघाली नाही याचा अर्थ त्या ११ चांगल्या होत्या, एवढाच. सदोष गोळ्या ५०० त एकाहून जास्त नाहीत असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं असेल तर १,५०० गोळ्या तपासून त्यांत एकही सदोष निघायला नको. इतक्या गोळ्या फोडायला कुणाकडे वेळ नसतो, म्हणून न फोडता तपासण्याची ओढ वाटते. ती ओढ अगदी रास्त आहे.

आवाज ऐकून पारखणं आपल्याकडे नवीन नाही. माठ घेताना टिचकी मारून पाहतो, खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. जुन्या ऑपरेटरांकडे गोळीचीही अशीच रीत होती. गोव्यात वेर्ण्याला एका कारखान्यात मी कामाला लागले तेव्हा कॉम्प्रेशनवर, म्हणजे गोळ्या दाबण्याच्या मशीनवर, एक वयस्कर ऑपरेटर होते, सगळे त्यांना काका म्हणत. मशीन सुरू झालं की ते दोन बोटांवर गोळी ठेवून अंगठ्याने मोडत, कानाजवळ धरून. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला की मान हलवत. एका रात्री त्यांनी तीन गोळ्या मोडल्या, मला हाक मारली आणि म्हणाले, “मॅडम, हिचा आवाज बसलाय.” टेस्टरवर आकडा मर्यादेत होता. मी त्यांना म्हटलं, काका, रीडिंग ठीक आहे. त्यांनी काही न बोलता चौथी गोळी घेतली, नखाने कड उचलली, आणि वरचा पापुद्रा नाण्याएवढा अख्खा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. खालचा भाग गुळगुळीत, चमकदार. बळाने तुटलेला भाग असा दिसत नाही, तो खडबडीत असतो. तो चमकदार पृष्ठभाग म्हणजे चीर आधीपासून आत होती. ती बॅच आम्ही तिथेच थांबवली. आवाजाच्या चाचणीकडे मी वळले ती त्या रात्रीमुळे.

आता यंत्र काय करतं. गोळीच्या एका सपाट बाजूला एक संवेदक, दुसऱ्या बाजूला दुसरा. एकातून ध्वनीचा अतिशय छोटा ठोका सोडायचा, तो गोळीतून पलीकडे पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं. ठोका कानाला ऐकू येणाऱ्या पट्टीच्या कितीतरी वरचा, साधारण १ मेगाहर्ट्झचा. समजा तुमची साडेचार मिमी जाडीची गोळी पार करायला त्याला ३ मायक्रोसेकंद लागले. वेग झाला सेकंदाला १,५०० मीटर. गोळीची घनता वजन आणि मापावरून निघते, तासलेली कड सोडून दिली तर घन सेंटिमीटरला साधारण १.१८ ग्रॅम. घनता गुणिले वेगाचा वर्ग केला की ताठपणाचा आकडा मिळतो, इथे सुमारे २.६५ गिगापास्कल. आता त्याच वजनाच्या आणि जाडीच्या दुसऱ्या गोळीत वेग १,३०० भरला तर हा आकडा जवळपास २ वर येतो. वेग १३ टक्क्यांनी कमी, ताठपणा २५ टक्क्यांनी. वर्गामुळे फरक मोठा होऊन दिसतो, हा पद्धतीचा गुण आहे.

याच सूत्रात एक बारकावा आहे, तो मला दोन वर्षांनी उमजला, तुम्हाला आधीच सांगते. घनतेत जाडी भाजकात येते आणि वेगाच्या वर्गात ती दोनदा गुणकात येते. सगळं मांडलं की सपाट गोळीचा ताठपणा उरतो तो असा: वजन गुणिले जाडी, भागिले पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले वेळेचा वर्ग. म्हणजे जाडी मोजण्यात एक टक्का चूक झाली तर उत्तरात एकच टक्का चुकतो, पण वेळेत चूक झाली तर ती दुप्पट होते. तीन मायक्रोसेकंदांत ०.१ मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे उत्तरात साडेसहा-सात टक्के. आणि ०.१ मायक्रोसेकंद संवेदकाच्या तोंडावरच्या रबराच्या पातळ थरात सहज हरवतो. म्हणून लोक जाडी मोजायला व्हर्नियरवर डोळे फोडतात तेव्हा मी सांगते, आधी गोळीशिवाय दोन्ही संवेदक एकमेकांना टेकवून शून्य वेळ काढा, दर तासाला काढा, तापमान बदललं की पुन्हा काढा.

चीर कशी कळते ते याहूनही सोपं आहे. ध्वनीला घन पदार्थातून हवेत जाणं फार कठीण जातं. गोळी आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनीच्या ऊर्जेचा हजारातला एक भागही पलीकडे जात नाही, बाकी सगळा परत फिरतो. मधे हवेची नीट उघडलेली फट असली तर ध्वनीला गोळीतून हवेत आणि हवेतून पुन्हा गोळीत अशा दोन सीमा ओलांडाव्या लागतात, आणि पलीकडे जवळजवळ काहीच पोचत नाही. आडवी चीर त्या ध्वनीच्या वाटेत आडवी उभी असते. जी दिशा हार्डनेस टेस्टरला दिसत नाही ती इथे थेट समोर येते. ताज्या चिरेत मात्र दोन्ही बाजू जागोजाग एकमेकींना टेकलेल्या असतात, त्यामुळे ध्वनी पूर्ण अडत नाही. तो उशिरा येतो आणि क्षीण होऊन येतो. म्हणून नुसता वेग नोंदवू नका, पोचलेल्या ठोक्याची उंची, म्हणजे तो किती जोरदार पोचला, तेही नोंदवा. माझ्या अनुभवात टोपी पकडण्यात उंची वेगापेक्षा आधी बोलते.

संवेदक किती जोराने टेकवता तेही पाहा. फार दाबलं तर तुम्ही चीर मिटवून टाकता आणि गोळी शहाण्यासारखी उत्तर देते. हलका, पण दरवेळी तोच दाब हवा, त्यासाठी स्प्रिंग किंवा ठराविक वजन ठेवा. हाताने धरून केलेल्या मापांवर माझा विश्वास नाही.

आता विक्रेत्याच्या मुख्य दाव्याकडे येऊ, म्हणजे ‘न फोडता हार्डनेस’. हा दावा पूर्ण खोटा नाही. गोळीत मोकळी जागा जितकी जास्त तितका तिचा ताठपणा कमी आणि मोडण्याचा ताणही कमी, दोन्ही झपाट्याने घसरतात. यातलं मोडण्याच्या ताणाचं नातं गोळ्यांच्याही आधी, १९५३ मध्ये, सच्छिद्र सिरॅमिकवर काम करताना रिश्केविच यांनी दाखवलं होतं. तुमच्या गोळीच्या मिश्रणाची खरी घनता १.३३ धरली तर आत साधारण ११ टक्के पोकळी आहे. मशीनचा दाब वाढवत नेलात, पोकळी कमी होत गेली, तर वेग आणि हार्डनेस हातात हात घालून चढतात, आणि आलेख इतका देखणा येतो की साहेब लगेच खूश होतात. खरी अडचण त्यापुढे आहे.

ताठपणा हा सगळ्या गोळीचा मिळून असतो, मोडणं मात्र एका जागेवर ठरतं. विटांच्या भिंतीचं उदाहरण घ्या. सगळ्या विटा चांगल्या, पण मधल्या एका थरात सिमेंट कच्चं. भिंतीवर हलकी थाप मारली तर आवाज चांगलाच येईल. धक्का दिला की भिंत जाईल ती त्याच थरातून. ग्रॅन्युल आणि ग्रॅन्युल, म्हणजे गोळीतले दाणे, यांच्यातला जोड किती पक्का आहे हे ध्वनीच्या इवल्याशा कंपनाला पुरतं कळत नाही, कारण ते कंपन जोड तोडायला जातच नाही.

हे मी चटका बसून शिकले. आम्ही तीन बॅचवर आलेख काढला, अगदी रेषेवर बसला. चौथ्या बॅचला मॅग्नेशियम स्टिअरेट (मिश्रण मशीनला चिकटू नये म्हणून घालतात ते वंगण) टाकल्यावर ब्लेंडरचा टायमर बिघडला आणि मिश्रण ठरलेल्या वेळेच्या कितीतरी पुढे फिरत राहिलं. स्टिअरेट जास्त फिरलं की ते प्रत्येक कणावर पसरतं आणि कण एकमेकांना धरेनासे होतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्या बॅचच्या गोळ्यांत ध्वनीचा वेग जवळजवळ नेहमीचाच होता, हार्डनेस मात्र चांगलाच उतरलेला. आलेखावर विसंबून राहिलो असतो तर ती बॅच पुढे गेली असती. तेव्हापासून मी ध्वनीच्या आकड्याला कधीच ‘हार्डनेस’ म्हणत नाही, कुणाला म्हणू देत नाही. दोन्ही आकडे बाजूबाजूला ठेवले आणि त्यांच्यात अंतर पडलं की तीच सर्वात मोलाची बातमी असते. वेग तोच आणि हार्डनेस पडला तर लुब्रिकेशन आणि ब्लेंडिंगकडे जा. हार्डनेस तोच आणि ठोक्याची उंची पडली तर चिरेकडे जा.

इथवर एवढं धरून चला: तुमच्या टेस्टरला आडवी चीर दिसत नाही, ध्वनीला दिसते, आणि दोघांचे प्रश्न वेगळे असल्यामुळे दोघेही लागतात.

यंत्रांचे प्रकार बरेच आहेत आणि विक्रेते सगळे एकाच नावाने विकतात, म्हणून थोडं वेगळं करून सांगते. वर सांगितला तो संवेदक टेकवण्याचा प्रकार, सर्वात साधा आणि तुमच्यासाठी सर्वात योग्य. तुमच्या गोळीत पाणी किंवा जेल लावता येणार नाही, ती भिजेल. म्हणून कोरडा, रबरासारख्या थराचा संवेदक लागतो. दुसरा प्रकार हवेतून ठोका मारण्याचा, काहीच न टेकवता. गोळीला हवेतून टिचकी मारायची आणि ती कशी कंप पावते ते लेसरने बघायचं. माठाला टिचकी मारण्याचीच ही फार सूक्ष्म आवृत्ती. अमेरिकेत क्लार्कसन विद्यापीठात चेटिन चेटिनकाया यांच्या गटाने यावर बरंच काम केलंय. चीर पडलेल्या गोळीचा सूर खाली उतरतो, आणि तो उतार लेसरला दिसतो. पण हवेतून घन पदार्थात ऊर्जा जाणं किती कठीण ते वर पाहिलंच. प्रयोगशाळेत हे सुंदर चालतं. धूळ, कंपन आणि ८०,००० चा वेग असलेल्या खोलीत ते टिकवणं हे वेगळं काम आहे.

तिसरा प्रकार पावडर दाबणाऱ्या दांड्यात, म्हणजे पंचमध्येच, संवेदक बसवण्याचा, म्हणजे दाब पडत असतानाच पावडर घट्ट होताना ऐकायची. याच गटाने २०१३ मध्ये ते शक्य आहे हे दाखवून दिलं. पण पंच धरून फिरणाऱ्या टरेटवर तारा किंवा बिनतारी जोडणी, पंच बदलणं, धुणं, हे सगळं उत्पादनात बसवणं सोपं नाही. शिवाय टोपी बऱ्याचदा दाब सुटताना आणि डायमधून, म्हणजे साच्यातून, बाहेर पडताना सुटते, म्हणजे नेमका नाटकाचा तो अंक पंचाला दिसेलच असं नाही. चौथा प्रकार नुसता कान लावून बसण्याचा. आपण ठोका मारायचा नाही, गोळी तडकताना जो आवाज करते तो मशीनच्या अंगावर लावलेल्या संवेदकाने टिपायचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस गोळ्या फुटण्याचा अभ्यास असा झाला होता. कल्पना मला मनापासून आवडते, पण कॅम, रोलर, फीड फ्रेम या सगळ्यांच्या गोंगाटातून एका गोळीची चीर वेगळी काढायला प्रत्येक मशीनवर स्वतंत्र मेहनत घ्यावी लागते.

विक्रेता ‘शंभर टक्के गोळ्या तपासतो’ म्हणाला तर त्याला एवढंच विचारा: ८०,००० चा वेग म्हणजे सेकंदाला २२ गोळ्या, प्रत्येकीला ४५ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ती उचलून, सरळ करून, ठराविक दाबाने टेकवून, मोजून पुढे सोडता का? चालू मशीनवर, धुळीसकट दाखवा. दाखवलं तर मला जरूर कळवा, मी स्वतः बघायला येईन.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्यांचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही. तुमच्या गोळीवर मधोमध मोडरेषा किंवा नाव कोरलेलं असेल तर संवेदक तिथे नीट टेकत नाही, जागा बदलावी लागेल. फुगीर गोळी असती तर जाडी कुठली धरायची आणि घनता कशी काढायची इथपासून वेगळा विचार करावा लागला असता, तुमची सपाट आहे हे नशीब. ग्रॅन्युल किती मोठे आहेत त्यावर ठोक्याची पट्टी ठरते. १ मेगाहर्ट्झला गोळीतल्या लहरीची लांबी दीड मिमी असते, ५ ला ती ०.३ मिमी होते, म्हणजे ग्रॅन्युलएवढी. मग ध्वनी प्रत्येक दाण्यावर विखुरतो आणि पलीकडे काही पोचत नाही. विक्रेता जास्त पट्टीचं महाग यंत्र दाखवत असेल तर ते तुमच्यासाठी जास्त चांगलं असेलच असं नाही.

वेळ आणि हवा यांचा हिशेब मात्र सगळ्यांना लागतो. मशीनमधून गोळी बाहेर येते ती कोमट असते, आणि पुढचे तास-दीड तास, कधी दिवसभर, ती किंचित फुगत राहते. स्टार्च असेल तर जास्त. पाच मिनिटांनी मोजलेली आणि पाच तासांनी मोजलेली गोळी एक नव्हे. कोकणातल्या पावसाळ्यात खोलीचा एअर हँडलर थोडा जरी ढेपाळला तरी ओलावा वेगात दिसतो. नियम एकच ठेवा: बाहेर पडल्यापासून किती मिनिटांनी मोजायचं ते ठरवा आणि त्यापासून हलू नका.

यातूनच या पद्धतीचा माझ्या मते सर्वात मोठा उपयोग निघतो, आणि तुमच्या ‘दोन दिवसांनी’ या शब्दांवर मी तिथेच अडखळले. हार्डनेस टेस्टरवर एक गोळी एकदाच मोडता येते. ध्वनीने तीच गोळी पुन्हा पुन्हा विचारता येते. ६० गोळ्या घ्या, प्रत्येकीला क्रमांकाच्या खणात ठेवा, १० मिनिटांनी मोजा, एका दिवसाने मोजा, दोन दिवसांनी मोजा. काही गोळ्यांत ठोक्याची उंची दिवसागणिक उतरत गेली तर चीर आत आधीच पडलेली होती आणि गोळी फुगताना ती उघडत गेली, म्हणजे दोष कॉम्प्रेशनचा. सगळ्या गोळ्या दोन्ही दिवस ठणठणीत राहिल्या आणि टोप्या तरीही हॉपरमध्येच निघाल्या तर वाहतूक, ड्रमची उंची, हॉपरचा व्हायब्रेटर यांच्याकडे बघा. दोन विभाग एकमेकांवर ढकलत असतात तो वाद एका आठवड्यात मिटतो.

तिसऱ्या दिवशी त्या ६० गोळ्या त्याच क्रमाने हार्डनेस टेस्टरवर फोडा. एकाच गोळीचा ध्वनी आणि एकाच गोळीचा मोडण्याचा जोर, अशी जोडी मिळाली की तुमचं स्वतःचं नातं उभं राहतं. विक्रेत्याचा आलेख दुसऱ्या कुणाच्या तरी गोळीचा असतो. जोड्या तयार करताना मुद्दाम दाब बदला, लुब्रिकेशनची वेळ बदला, टरेटचा वेग बदला. फक्त दाब बदललात तर माझ्यासारखा खोटा देखणा आलेख मिळेल.

हे सगळं कुठल्या बॅचवर करायचं तेही आधी ठरवा. विक्रीच्या बॅचवर, प्रोटोकॉलशिवाय, ‘जरा बघूया’ म्हणून मोजू नका. आकडा एकदा दिसला की तो दिसला नाही असं म्हणता येत नाही, आणि क्यूए, म्हणजे गुणवत्ता विभाग, विचारणार की याची मर्यादा कोणती, मर्यादेबाहेर गेल्यावर काय केलंत. आर अँड डी च्या किंवा ट्रायलच्या बॅचवर, उद्देश लिहून, अभ्यास म्हणून करा. फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातली, फ्रायेबिलिटी आहे तशीच चालू राहील. उत्पादन चालू असताना प्रक्रिया मोजून समजून घेण्याला नियामकांचा विरोध नाही, अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २००४ मध्येच त्यासाठी मार्गदर्शिका काढली आहे. पण ‘समजून घ्यायला वापरतो’ आणि ‘याच्यावर बॅच सोडतो’ यांत मोठं अंतर आहे, यातल्या पहिल्यानेच सुरुवात करा. संवेदक टेकवलेल्या गोळ्या पुन्हा बॅचमध्ये टाकू नका. त्या फुटल्या नसल्या तरी रबर लागलेल्या आहेत.

यंत्राला एकदम पैसे घालायची गरजही नाही. वेल्डिंग तपासणाऱ्यांकडे असतो तो फ्लॉ डिटेक्टर, १ मेगाहर्ट्झच्या कोरड्या संवेदकांची जोडी आणि दाब सारखा ठेवणारं एक साधं स्टँड यावर वरचा ६० गोळ्यांचा अभ्यास होतो. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत विचारून पाहा, मेकॅनिकल किंवा मेटलर्जी विभागात हे बहुधा असतं. त्यातून काही हाती लागलं तर यंत्राची मागणी पुराव्यासकट करता येईल.

आणि हे करत असताना मशीनही तपासा, कारण ध्वनी दुखणं दाखवेल, बरं करणार नाही. पॅरासिटामॉलचं नेहमी वापरतो ते स्फटिकरूप दाबाखाली नीट सरकत नाही, ते ताणून धरतं आणि दाब सुटला की परत उसळतं. त्यात हवा अडकलेली असली की टोपी ठरलेली. प्रीकॉम्प्रेशन, म्हणजे मुख्य दाबाआधीचा हलका दाब, किती ठेवलंय ते बघा. बऱ्याच ठिकाणी ते जवळजवळ शून्य असतं आणि सगळा भार मेनवर. ते वाढवून टरेटचा वेग उतरवला तर हवेला निघायला वेळ मिळतो. फाईन्स, म्हणजे बारीक भुकटी, किती आहे, ग्रॅन्युल जास्त वाळलेत का ते पाहा. डाय बाहेर काढा आणि नख आतून फिरवा. जिथे गोळी दाबली जाते तिथे झिजून कडं पडलेलं असेल तर नखाला अडेल. मग गोळी बाहेर पडताना त्या अरुंद तोंडातून पिळून निघते आणि टोपी तिथेच सैल होते. अशा डायवर कितीही सेटिंग बदला, फरक पडत नाही.

म्हणून मला तुमच्याकडून तीन गोष्टी कळायला हव्यात. सुटलेल्या टोप्यांची जाडी मोजा, सगळ्या एकाच जाडीच्या आहेत का? खालच्या भागाचा पृष्ठभाग चमकदार आहे की खडबडीत? आणि मशीन हळू फिरवून प्रत्येक स्टेशनच्या, म्हणजे पंच-डायच्या प्रत्येक जोडीच्या, ५-५ गोळ्या वेगळ्या पिशव्यांत गोळा करा, दोन दिवस ठेवा, मग नखाने कड उचलून पाहा. टोप्या दोन-तीनच स्टेशनच्या पिशव्यांत निघाल्या तर त्या पंचांचे आणि डायचे फोटो पाठवा, अल्ट्रासाउंडचं नंतर बोलू.